संगणकाचा पंखा

संगणक काम करू लागला की तापतो. त्याला थंड ठेवण्यासाठी त्याच्या आत पंखा बसवलेला असतो. हा पंखा केव्हा हळू फिरावा आणि केव्हा जोरात फिरावा, हे सॉफ्टवेअरने ठरवता येते. पण ठरवणाऱ्याला त्यामागचे कारण माहीत नसेल तर काय होते? कोल्हापुरातील एका छपाईच्या दुकानात घडलेला प्रसंग या पाठात एका विद्यार्थ्याने सांगितला आहे.

माझ्या मामूंचे लक्ष्मीपुरीत छपाईचे छोटेसे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जाहिरातींचे कागद अशी कामे तिथे होतात. मराठी, उर्दू आणि इंग्रजी मजकूर मामू स्वतः संगणकावर जुळवतात. शाळेला सुट्टी असली की मी दुकानात जाऊन बसतो. कागद मोजणे, पत्रिकांच्या घड्या घालणे ही कामे मला चांगली जमतात.

गोष्ट एप्रिल महिन्यातली आहे. लग्नसराई ऐन भरात होती. कागलजवळच्या एका खेड्यातील शेतकरी काकांनी मुलीच्या लग्नाच्या 300 पत्रिका छापायला दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या न्यायला ते येणार होते. बाहेर कडक ऊन होते. दुपारी दोनच्या सुमारास मामू पत्रिकेवर शेवटचा हात फिरवत होते. एवढ्यात पडदा काळा झाला. संगणक बंद!

आधी वाटले, वीज गेली. पण छताचा पंखा तर फिरत होता. मामूंनी संगणक पुन्हा सुरू केला. वीस मिनिटांनी तो पुन्हा बंद पडला. असे तीन वेळा झाले. दर वेळी न साठवलेले काम वाया जात होते.

दुकानात एक दादा कामाला आहेत. झाडलोट करणे, कागदाचे गठ्ठे लावणे ही कामे तेच करतात. मामू घाईत होते. त्यांचा राग दादांवर निघाला.

"दादा, सकाळी झाडताना संगणकाच्या वायरीला धक्का लागला का तुमचा?"

"नाही मालक, मी त्या बाजूला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय तो आपोआप बंद पडतो?"

दादा गप्प राहिले. खाली मान घालून ते कागद लावू लागले.

मी हे सारे पाहत होतो. एकाएकी मला एक गोष्ट आठवली आणि पोटात गोळा आला.

डिसेंबरात मामू तक्रार करत असत, "हा संगणक किती घरघर करतो! फोनवर गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकू येत नाही." मी संगणकात शोधाशोध केली. पंख्याचा वेग बदलण्याचा एक प्रोग्राम मला सापडला. त्यात पडद्यावर एक पट्टी होती. ती मागेपुढे सरकवली की वेग बदलत असे. मी ती 100 वरून 30 वर आणली. घरघर थांबली. मामू खूश झाले. "शाब्बास बेटा!" असे म्हणून त्यांनी मला दहा रुपये दिले. नंतर मी ती पट्टी विसरूनही गेलो.

आता काय करावे? खरे सांगितले तर मामू रागावतील. नाही सांगितले तर दादांवरचा आळ तसाच राहील. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मामूंनी आमच्या घरी फोन केला. माझी आपा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्ध्या तासात ती दुकानात आली. तिने प्रथम संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवला.

"मामू, ही तर तव्यासारखी तापली आहे. दहा मिनिटे थांबू. ती निवू दे."

दहा मिनिटांनी आपाने संगणक सुरू केला. तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला आणि मामूंची पत्रिकाही उघडली. पडद्यावरचे आकडे ती मोठ्याने वाचू लागली.

"प्रोसेसरचे तापमान 62 अंश. पंखा मिनिटाला 700 फेरे. आता 70 अंश. पंखा 700. आता 81 अंश. पंखा अजून 700च. हे पाहिलेत का, मामू? तापमान चढते आहे आणि पंखा मात्र आपला वेग सोडत नाही. पंखा नादुरुस्त नाही. नादुरुस्त असता तर तो अडखळत फिरला असता. याला कुणीतरी सांगून ठेवले आहे, एवढाच फिर."

दुकानात शांतता पसरली. मी दादांकडे पाहिले. ते अजूनही कागद लावत होते.

"आपा, मी सांगून ठेवले आहे," मी म्हणालो. डिसेंबरातली सगळी हकीकत मी एका दमात सांगून टाकली.

मामूंनी माझ्याकडे रोखून पाहिले. ते मला काही बोलले नाहीत. ते उठून दादांजवळ गेले आणि म्हणाले, "दादा, माझे चुकले. विचार न करता मी तुम्हांला बोललो." दादा एवढेच म्हणाले, "असू दे मालक." मीही दादांची माफी मागितली. मामूंच्या रागापेक्षा तो क्षण मला जास्त कठीण वाटला.

आपाने संगणक बंद केला, प्लग काढला आणि पेटीची बाजू उघडली. आत कागदाचा बारीक भुगा आणि धूळ साचली होती. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा होता. त्यावर पंखा बसवलेला होता. पात्यांच्या मधल्या फटी धुळीने बुजल्या होत्या.

"हा ठोकळा प्रोसेसरची उष्णता शोषून घेतो," आपा सांगू लागली. "पंख्याची हवा पात्यांमधून जाते आणि ती उष्णता बाहेर नेते. फटी बुजल्या तर हवा जाणार कुठून?"

तिने पंख्याची पाती एका बोटाने धरून ठेवली आणि कोरड्या ब्रशने हळूहळू धूळ काढली.

"आपा, पण डिसेंबर ते मार्च काहीच झाले नाही. मग आताच का?" मी विचारले.

"चांगला प्रश्न आहे. कागद घे आणि हिशेब कर. पंखा हवा देतो, पण ती खोलीतलीच हवा असते. त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, कमी वेगाच्या पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा 45 अंशांनी गरम राहतो. डिसेंबरात खोली 22 अंशांवर होती. बेरीज किती?"

"67 अंश."

"आज खोली 37 अंशांवर आहे."

"82 अंश!"

"त्यात चार महिन्यांची धूळ साचली. 45चा फरक वाढून समजा 60 झाला. मग?"

"37 आणि 60, म्हणजे 97 अंश."

"बहुतेक प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आधी स्वतःचे काम मंद करतो. तरीही ताप वाढतच राहिला तर तो संगणक बंद करतो. तो बिघडत नव्हता, स्वतःचा जीव वाचवत होता. त्याची ही शेवटची सोय सॉफ्टवेअरवर अवलंबून नसते, म्हणून आज तो जळाला नाही."

मामू म्हणाले, "मग सरळ पंखा कायम पूर्ण वेगाने ठेवू. कटकट नको."

"तसे केले तरी चालेल, मामू, पण ते शहाणपणाचे नाही. आवाज होईल. पंख्याचे बेअरिंग लवकर झिजेल. धूळही जास्त ओढली जाईल. शिवाय विजेचा हिशेब वेगळाच आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण त्याला लागणारी वीज निम्मी होत नाही, सुमारे एक अष्टमांश होते."

"एक अष्टमांश कशी?"

"वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज लागते. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. म्हणून गरज नसताना पंखा जोरात फिरवणे हा तोटा आणि गरज असताना हळू फिरवणे हा धोका."

"मग गरज आहे की नाही, हे कुणी पाहायचे?" मामूंनी विचारले. "मी पत्रिका करू की पंख्याकडे पाहत बसू?"

आपा माझ्याकडे वळली. "आपण पावसाळ्यात राधानगरीला गेलो होतो, आठवते?"

मला चांगले आठवत होते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांतील दोन दरवाजे उघडलेले होते आणि पांढरेशुभ्र पाणी खाली कोसळत होते.

"ते दरवाजे उघडायला माणूस लागतो का?" आपाने विचारले.

"नाही. धरण भरून पाण्याची पातळी ठरावीक खुणेवर गेली की ते आपोआप उघडतात. पातळी उतरली की आपोआप मिटतात."

"पाऊस किती पडेल हे दरवाजाला ठाऊक नसते. त्याला फक्त पातळी कळते. जेवढी गरज तेवढाच तो उघडतो. संगणकाच्या पंख्याची व्यवस्थाही अशीच असते. तिथे पाण्याच्या पातळीऐवजी तापमान पाहायचे. तू काय केलेस? तू दरवाजा बांधून ठेवलास. पाऊस नव्हता तोवर काही बिघडले नाही. एप्रिल आला आणि धरण भरले."

माझी चूक मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजली. मी पंखा हळू केला ही माझी चूक नव्हती. त्याला कायमचा हळू केला, ही चूक होती.

आपाने पंख्याची वायर दाखवली. तिच्यात चार तारा होत्या.

"पहिल्या दोन तारांतून पंख्याला 12 व्होल्टची वीज मिळते. तिसरी तार पंख्याचा वेग संगणकाला कळवते. पंख्याच्या एका फेऱ्यात तिच्यातून साधारणपणे दोन ठोके येतात. एका सेकंदात 40 ठोके आले तर सेकंदाला फेरे किती?"

"20 फेरे. म्हणजे मिनिटाला 1200."

"बरोबर. आता चौथी तार. हिच्यातून संगणक पंख्याला हुकूम देतो. हा हुकूम म्हणजे एक इशारा असतो. तो एका सेकंदात सुमारे 25 हजार वेळा चालू-बंद होतो. चालू असण्याचा काळ जास्त असला तर पंखा जोरात फिरतो. तो काळ कमी असला तर पंखा हळू फिरतो. तुझी पट्टी 30 वर होती, म्हणजे इशारा शंभरातील तीस भाग वेळ चालू होता."

"म्हणजे तिसरी तार सांगते आणि चौथी तार हुकूम देते."

"हो. या दोन्हींच्या मध्ये बसून विचार करते ते सॉफ्टवेअर. त्याचे काम चार पायऱ्यांचे आहे. तापमान मोजणे, किती वेग हवा ते ठरवणे, तसा हुकूम देणे आणि पुन्हा मोजणे. शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. हुकूम दिल्यावर ताप उतरला का, हे जो पाहत नाही त्याला नियंत्रण म्हणता येत नाही."

पेटी बंद करून आपाने संगणक सुरू केला आणि तोच प्रोग्राम उघडला. तिने पट्टी काढून टाकली आणि त्याऐवजी एक कोष्टक भरले. 40 अंशांपर्यंत पंखा 30 टक्के, 60 अंशांना 50 टक्के, 70 अंशांना 75 टक्के आणि 80 अंशांना पूर्ण 100 टक्के. मधल्या तापमानांना मधला वेग.

कोष्टक भरल्यावर एक गंमत झाली. तापमान 60च्या आसपास खालीवर होऊ लागले आणि पंखाही क्षणात जोरात, क्षणात हळू फिरू लागला. घूं, घूं असा आवाज येऊ लागला.

"हे तर पहिल्यापेक्षा वाईट!" मामू म्हणाले.

"थांबा, मामू. हा उतावळा झाला आहे. याला थोडा धीर शिकवू."

आपाने आणखी एक नियम घातला. तापमान वाढले की पंख्याने लगेच वेग वाढवायचा, पण वाढवलेला वेग तापमान 5 अंशांनी उतरल्याशिवाय कमी करायचा नाही. घूं, घूं थांबले. पंखा एका लयीत फिरू लागला.

"आणखी एक गोष्ट," आपा म्हणाली. "सॉफ्टवेअर हा एक प्रोग्रामच आहे. तो मध्येच बंद पडू शकतो. मग पंखा शेवटच्या हुकमावर अडकून राहील. म्हणून नेहमी विचार करायचा, मी सांगून ठेवलेली गोष्ट उद्या बंद पडली तर काय होईल? लिनक्सवर फॅनकंट्रोल नावाचा प्रोग्राम आहे. तो बंद होताना पंख्याचा ताबा आधीच्या व्यवस्थेकडे परत देतो. ते जमले नाही तर पंखा पूर्ण वेगाने सोडतो. आपण हे कोष्टक संगणकाच्या मूळ सेटिंगमध्येही भरून ठेवू. म्हणजे प्रोग्राम बंद पडला तरी पंखा तापमान पाहूनच चालेल."

त्यानंतर मामूंनी पत्रिका पुन्हा जुळवायला घेतली. मी बाजूला बसून आकडे वाचत होतो. 58 अंश, 64 अंश, 68 अंश. पंख्याचा वेग वाढला. तापमान 69वर जाऊन थांबले. संध्याकाळी सात वाजता पत्रिका तयार झाली. रात्री साडेदहापर्यंत छपाई चालली. दादा घरी गेले नाहीत. मी आणि ते शेजारी शेजारी बसून पत्रिकांच्या घड्या घालत होतो.

दुसऱ्या दिवशी शेतकरी काका आले. त्यांनी पत्रिका हातात घेऊन मुलीच्या नावावरून बोट फिरवले. मग गठ्ठ्यातील एक पत्रिका काढून मामूंना दिली. "लग्नाला यायचं बरं का, सगळ्यांनी," ते म्हणाले. आदल्या दिवशी काय घडले होते, याची त्यांना कल्पना नव्हती.

त्या रात्री जेवताना मी अब्बांना सारे सांगितले. अब्बा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करतात. ते हसून म्हणाले, "आमच्या भट्टीत हवा सोडतात ती आग वाढवायला. तुमच्या संगणकात हवा सोडतात ती ताप उतरवायला. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. हवा किती सोडायची, हे भट्टीकडे पाहूनच ठरवायचे असते."

मी आपाला विचारले, "फार मोठ्या संगणकांना केवढे पंखे लागत असतील?"

आपा म्हणाली, "पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे 1991 साली परम 8000 हा महासंगणक तयार झाला. अशा यंत्रांत शेकडो, हजारो प्रोसेसर एकत्र काम करतात. त्यांची उष्णता बाहेर काढणे हे यंत्र बांधण्याइतकेच अवघड काम असते. पुण्यातील आयसर या संस्थेत 2019 साली परम ब्रह्म हा महासंगणक बसवला. त्यात प्रोसेसरची उष्णता द्रवाने वाहून नेण्याची सोय केली आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेऊ शकते. पण तिथेही नियम तोच. मोजा, ठरवा, हुकूम द्या, पुन्हा मोजा."

आता दुकानात संगणकाशेजारी एक वही ठेवलेली असते. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन वाजता मी तिच्यात तीन आकडे लिहितो : खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे. मी नसलो तर दादा लिहितात. खोली तेवढीच गरम, काम तेवढेच आणि प्रोसेसर मात्र जास्त तापला, असे दिसले की आम्ही समजतो, धूळ साचली. मग ब्रश काढतो.

भर दुपारी कधी कधी पंख्याची घरघर वाढते. फोनवर बोलता बोलता मामू आवाज थोडा चढवतात, पण तक्रार करत नाहीत. थोड्या वेळाने ताप उतरतो आणि पंखा आपला आपण हळू होतो.

शब्दार्थ

लग्नसराई – लग्नांचा हंगाम
ऐन भरात असणे – पूर्ण जोरात असणे
शेवटचा हात फिरवणे – कामातील उरलेसुरले पूर्ण करणे
गिऱ्हाईक – ग्राहक, विकत घेणारा
आळ – खोटा आरोप
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
तंत्रनिकेतन – तांत्रिक शिक्षणाची संस्था
पदविका – डिप्लोमा
निवणे – थंड होणे
प्रोसेसर – संगणकातील हिशेब करणारा मुख्य भाग
भुगा – बारीक चुरा
बुजणे – बंद होणे, भरून जाणे
एक अष्टमांश – आठ भागांतील एक भाग
घन – एखादी संख्या तीन वेळा घेऊन केलेला गुणाकार
स्वयंचलित – आपोआप चालणारे
कोष्टक – आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता
उतावळा – धीर नसलेला
नियंत्रण – ताबा, काबू
फाउंड्री – धातू वितळवून ओतकाम करण्याचा कारखाना

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूंचे दुकान कुठे आहे?
(आ) शेतकरी काकांनी किती पत्रिका छापायला दिल्या होत्या?
(इ) राधानगरी धरण कोणत्या नदीवर आहे?
(ई) पंख्याची तिसरी तार कोणते काम करते?
(उ) परम 8000 हा महासंगणक कोणत्या साली तयार झाला?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) मामू दादांवर रागावले.
(आ) डिसेंबरात संगणक बंद पडला नाही, पण एप्रिलमध्ये बंद पडला.
(इ) पंखा कायम पूर्ण वेगाने ठेवणे शहाणपणाचे नाही.
(ई) आपाने कोष्टक संगणकाच्या मूळ सेटिंगमध्येही भरले.

प्र. 3. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) "तू दरवाजा बांधून ठेवलास," असे आपा का म्हणाली?
(आ) पंख्याच्या नियंत्रणाच्या चार पायऱ्या कोणत्या? त्यांतील शेवटची पायरी महत्त्वाची का आहे?
(इ) चूक कबूल करण्यापूर्वी मुलाच्या मनात कोणते विचार आले? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?

प्र. 4. हिशेब करा.
(अ) पंख्याच्या तिसऱ्या तारेतून एका सेकंदात 60 ठोके आले. पंखा मिनिटाला किती फेरे फिरतो?
(आ) प्रोसेसर खोलीपेक्षा 38 अंशांनी गरम राहतो. खोली 34 अंशांवर असेल तर प्रोसेसरचे तापमान किती? आपाच्या कोष्टकाप्रमाणे पंखा 75 टक्क्यांपेक्षा जोरात फिरेल की हळू?

प्र. 5. विरुद्धार्थी शब्द लिहा.
गरम, चालू, तोटा, चढणे, कठीण, जोरात

प्र. 6. वाक्यात उपयोग करा.
पोटात गोळा येणे, एका दमात सांगणे, रोखून पाहणे, वाया जाणे

प्र. 7. हवा, पंखा, आवाज, हिशेब, दुकान, हुकूम, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जातात. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचा उच्चार आणि अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते वर्गात सांगा.

उपक्रम : घरातील, शाळेतील किंवा परिसरातील आपोआप चालू-बंद होणाऱ्या तीन वस्तू शोधा. प्रत्येक वस्तू काय मोजते आणि त्यावरून काय करते, ते वहीत लिहा. संगणकाची पेटी उघडायची असेल तर शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्या माणसांच्या समोरच, प्लग काढून उघडा.